अण्णा जिथे पट्टा लावायचे

मी कमरेचा पट्टा बोलतोय. म्हशीच्या कातड्याचा, तपकिरी, पितळी बकलाचा. हळू बोलतो. कातडं जुनं झालं की त्याचा करकर आवाजही जातो, तसं माझं झालंय. जरा जवळ येऊन ऐका.

मला मिरजेत भानुदास नावाच्या कारागिराने बनवलं. दिवसभर तेल पाजलं, कडा घासल्या आणि आरीने पाच भोकं पाडली. मला घ्यायला दिगंबर आले होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते ते. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. भानुदास त्यांना म्हणाला, "मधल्या भोकावर लावा. दोन्ही बाजूंना जागा ठेवलीय. माणूस काय एका मापाचा राहतो होय?"

बरीच वर्षं मी त्या मधल्या भोकावर होतो. अण्णांच्या पोटाची ऊब मला पाठ झाली होती. ग्रीसच्या हातांनी ते रोज सकाळी मला ओढायचे आणि वर एक थाप मारायचे. त्या थापेची मला सवय झाली.

मग एका वर्षी मी चौथ्यावर आलो. पुढे पाचव्यावर. डेपोतले लोक म्हणायचे, "अण्णा, काटक झालात! जवान दिसताय." अण्णा खूश व्हायचे आणि तांब्या तोंडाला लावून गटागटा पाणी प्यायचे. फार पाणी लागायचं त्यांना तेव्हा. पाचवं भोकही सैल पडलं तेव्हा त्यांनी गॅसवर खिळा तापवून सहावं पाडलं, मग सातवं. चटका बसला मला. त्या दोन भोकांच्या कडा अजून काळ्या आहेत.

सातव्यावर मी चार महिने होतो. पायात पत्र्याचा तुकडा गेला, तो त्यांना कळलाच नाही. जखम भरेना. तेव्हा डॉक्टर म्हणाले, साखर आहे, जुनी आहे. पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मग ते लुंगीच नेसायला लागले आणि मी खुंटीवर गेलो. दोन वर्षांनी तेही गेले.

त्यांचा मुलगा उदय तेव्हा पुण्यात शिकत होता. त्याने शेवट पाहिला, खाट पाहिली. भोकं एकेक करून आत सरकताना त्याने पाहिली नाहीत. ती मी पाहिली होती, पण मला कोण विचारणार?

उदय सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी टोकियोला निघाला तेव्हा आईने मला त्याच्या बॅगेत ठेवलं. "अण्णांची आठवण आहे. वापर." त्याने खरंच वापरलं. बारा वर्षं झाली. त्याची बायको नयना आणि मुलगी आर्या यांच्याबरोबर मी तिथल्या हिगाशी-कसाई भागात सहाव्या मजल्यावर राहतो.

उदय सुरुवातीला मधल्याच भोकावर होता, बापासारखा. पण मला जग कमरेच्या उंचीवरून दिसतं. त्या उंचीवर दिवसभर मला एक टेबल दिसायचं, बस्स. सकाळी लोकल गाडीत मी दुसऱ्यांच्या पट्ट्यांना घासून उभा असायचो. काही पट्टे पोटाखाली दुमडलेले, काही हाडावर लोंबणारे. सगळ्यांचे मालक डोळे मिटून उभे. जेवण म्हणजे कोनबिनीतला, म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या दुकानातला, गोड पाव आणि डब्यातली गोड कॉफी. नयनाने दिलेली पोळीभाजी बऱ्याचदा तशीच परत यायची. मीटिंग संपायची नाही, त्याला तो तरी काय करणार? मी दुसऱ्या भोकावर गेलो, मग पहिल्यावर. मग त्याने आणखी एक बाहेरच्या बाजूला पाडलं.

इथे कंपनी दरवर्षी तपासणी करते. जूनमध्ये नर्सने त्याच्या पोटाला टेप लावली. पुरुषाची कंबर पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या आत हवी, त्याची भरली ब्याण्णव. रांगेत मागे अंबरीष होता, त्याच्याच टीममधला. जपानी अदबीचा आव आणून तो म्हणाला,

"उदय-सान, तुमच्या पोटाला वेगळा व्हिसा लागणार!"

"तू श्वास सोड आधी. निळा पडलास," उदय म्हणाला. दोघे हसले. मी खुर्चीवर पडून ऐकत होतो.

महिन्याभराने पाकीट आलं. साखर वाढलेली आहे, लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं त्यात होतं. नयनाने ते मोबाइलवर मराठीत करून वाचून दाखवलं.

"अरे, अण्णांनाही साखर होती ना? उद्याच जा."

"अण्णांना म्हातारपणी झाली. रिलीज झालं की जातो."

"नक्की?"

"नक्की गं."

पाकीट फ्रिजवर चुंबकाखाली गेलं. त्याच आठवड्यात कंपनीने चालण्याची स्पर्धा लावली. रोज दहा हजार पावलं, तीन महिने. उदयने नवे बूट आणले आणि एक स्टेशन आधी उतरून चालायला लागला. मलाही बरं वाटलं. कोवळं ऊन लागायचं, नदीचा वारा लागायचा.

मी पहिल्या भोकावर परतलो. मग मधल्यावर. मी हरखलो होतो, खोटं कशाला सांगू. पण मधल्यावर थांबायला हवं होतं, तिथे मी थांबलो नाही. चौथ्यावर गेलो. पाचव्यावर गेलो. इतक्या भराभर कोणी चालून बारीक होत नाही. आणि तो रस्त्यातल्या प्रत्येक पेयांच्या मशीनपाशी थांबून थंडगार गोड बाटली घ्यायचा. एक संपली की दुसरी. ती तहान मला ओळखीची होती.

ऑफिसात मात्र टाळ्या पडत होत्या. अंबरीष म्हणाला, "काय खातोस रे? मलाही सांग. माझी बायको तुझा फोटो दाखवून टोमणे मारते." नयनाने पाकिटाची आठवण करून दिली, तर उदय हसला. "आता कशाला डॉक्टर? बरा झालोय की मी!" ती त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही तो छान दिसत होता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्याने मला ओढलं आणि बकलाचा काटा जळक्या भोकात शिरला. सातव्या. तो आरशासमोरून ओरडला, "नयना, आर्या, इकडे या! अण्णा जिथे पट्टा लावायचे ना, तिथे लागला माझा!"

"सुगोइ, बाबा!" आर्या टाळ्या वाजवत म्हणाली. म्हणजे भारीच. ती आनंदली की जपानीच बोलते.

त्याने माझ्यावर थाप मारली. अगदी अण्णांसारखी. मी जीव एकवटून आवळलो. दुखावं, त्याने थांबावं, विचारावं म्हणून. त्याने फक्त शर्ट नीट केला.

आठ दिवसांनी तो स्टेशनच्या जिन्यावर कोसळला. दवाखान्यात नर्सने मला सोडलं, मग बूट काढला. नव्या बुटाने टाचेपासून चवड्यापर्यंत फोड आले होते, मोजा चिकटला होता. त्याला काहीच जाणवलं नव्हतं. साखर इतकी चढली होती की शुद्धीवर यायला तीन दिवस लागले. चवडा काढावा लागला. डोळ्यांपुढेही आता धुकं असतं, म्हणतो.

आता ते कायमचे मिरजेला निघालेत. उदय इलॅस्टिकच्या पँटमध्ये खुर्चीवर बसलेला असतो. काल नयना आणि आर्या कचरा वेगळा करत होत्या. इथे तो नीट वेगळा करावा लागतो आणि आर्याला शाळेमुळे सगळे नियम पाठ आहेत. "आई, कातडं मोएरु गोमी. म्हणजे जळणारं. बक्कल वेगळं काढायचं."

नयनाने मला हातात घेतलं. तिचं बोट भोकांवरून सरकत गेलं आणि काळ्या कडेपाशी थांबलं.

"उदय, ही भोकं अण्णांनी कधी पाडली रे?"

"माहीत नाही. मी पुण्यात होतो. ते बारीक झाले होते तेव्हा..."

नयनाने फ्रिजकडे पाहिलं. पाकीट अजून तिथेच होतं.

मग कात्री लागली. बक्कल दुसऱ्या पिशवीत गेलं. इतकी वर्षं एकमेकांना धरून होतो आम्ही. कचऱ्याची गाडी उद्या सकाळी येईल.

जाण्याआधी हात जोडून एवढंच सांगतो. घरातलं माणूस एकाएकी हलकं झालं तर टाळ्या वाजवू नका. आधी विचारा, तहान किती लागते?

कात्री लागायच्या आधी आर्याने खेळता खेळता मला आपल्या कमरेला गुंडाळलं होतं. दोन वेढे बसले. काटा कुठेच लागेना. तिच्या मापाचं भोक माझ्यावर नाही. ते पडायच्या आत मी जळून गेलेलाच बरा.