सव्वा किलोची पट्टी

जावयानं नवा अँप्लिफायर आणला, तो अण्णांनी आधी दोन्ही हातांनी उचलून पाहिला. आवाज नंतर. तो बनवणाऱ्याच कंपनीत तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळलेला माणूस तो, त्याला यंत्र मनगटात कळायचं.

"वजन आहे हो," अण्णा खूश झाले. "लोक म्हणतात कंपनीनं नाव घालवलं. लोकांचं काय, बोलायला पैसे पडतात थोडेच."

जावई तिथेच नवी मॉडेलं काढणाऱ्या विभागाचा साहेब. तो हसला. हसला कसला, नुसते दात दाखवले.

गाणं लावलं. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. "स्वच्छ आहे. आमच्या वेळचा जरा पोटातून बोलायचा. पण माझे कान तरी आता कुठे धड आहेत?" एवढ्यावर थांबले असते तर जावयाची झाकली मूठ राहिली असती. पण सासऱ्यांना ट्रान्सफॉर्मर कसा गुंडाळलाय ते बघायचं होतं. स्क्रूड्रायव्हर आला, झाकण निघालं. आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर आणि तळाला चार स्क्रूंनी आवळलेली जाड लोखंडी पट्टी. तिला ना तार, ना जोड.

"ही कशाला?"

पट्टी जावयाच्याच डोक्यातून निघालेली. नवा माल हलका, गिऱ्हाईक उचलून नाक मुरडतं, म्हणून सव्वा किलो लोखंड. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या होत्या. आता मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "उष्णता ओढून घेते, अण्णा."

अण्णा पट्टीवरून बोट फिरवत राहिले. "आम्ही जन्म घालवला, आम्हाला नाही सुचलं," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलीला ऐकवलं, "नवरा हुशार आहे गं तुझा." मग कपाटावरच्या आपल्या जुन्या अँप्लिफायरकडे बोट दाखवलं. त्याचा ट्रान्सफॉर्मर त्यांच्या हातचा. "तोही तापतो हल्ली. एक पट्टी त्यालाही आणा, जावईबापू."

आठवडाभर जावयाला अन्न गोड लागेना. रविवारी सगळं कबूल करायचं ठरवून तो रिकाम्या हातांनी सासऱ्यांकडे गेला. टेबलावर जुना अँप्लिफायर उताणा पडला होता. अण्णांनी त्याच्या तळाला चार भोकं पाडून ठेवली होती, नव्यातल्या पट्टीच्या अगदी मापात.

"आणलीत पट्टी?"

"विसरलो," जावई म्हणाला. त्याला मान वर करवेना.

"असू दे, पुढच्या रविवारी," अण्णा म्हणाले. "भोकं काय पळून जातात?"