तोईहीरला बसवायचं कुणी?

कोमोरोसच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक इबुरोई. वय सेहेचाळीस, डोक्याला टक्कल, पदरी तीन मुली, आणि अकरा वर्षांत परदेशात जिंकलेले सामने शून्य. यातल्या कशावरूनही गाव त्याला नावं ठेवत नसे. गावाचं दुखणं एकच होतं, इबुरोईनं अजून थोरलं लग्न केलं नव्हतं.

धाकटं झालं होतं. बायको होती, संसार होता. पण धाकट्या लग्नाला काझी, दोन साक्षीदार आणि सरबत एवढ्यावर भागतं. थोरल्याला बैल लागतात, सोनं लागतं, दोन आठवडे गावजेवण लागतं, आणि ते केल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. तोवर तो साठीला टेकला तरी गावचं पोरच. पोरानं चौकात मागच्या दगडावर बसावं, वाढलं तर खावं आणि तोंड उघडायचं ते जांभईपुरतं.

इबुरोईला याचं फारसं वाईट वाटत नसे. राजधानी मोरोनीतल्या शाळेत तो कसरत शिकवायचा, संध्याकाळी संघ. संघातही सगळी पोरंच. पोरानं पोरांवर ओरडायचं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग गेल्या ऑगस्टात तोईहीरनं थोरलं लग्न केलं.

तोईहीर इबुरोईच्याच गावचा. चौतीस वर्षांचा, सहा फूट सात इंच. बाराव्या वर्षी त्याला चेंडू आपटायला इबुरोईनंच शिकवलं होतं, आणि चुकला की कानही पिळला होता. तेव्हा तो कान हाताला लागायचा. लग्नात सगळा संघ नाचला, तोईहीर तर तीन दिवस नाचला. पुढच्या सोमवारी तो सरावाला आला तो पुरा माणूस होऊन. खांद्यावर पुऱ्या माणसाची शाल नव्हती एवढंच, चालणं शालीचंच होतं.

त्या दिवसापासून पोरं त्याला अहोजाहो करू लागली. पाणी आधी त्याला, सावलीतली जागा त्याला, आणि मैदानात चेंडूही आधी त्यालाच. ताटातला पहिला तुकडा थोरल्याचा, तसा प्रत्येक चढाईतला पहिला चेंडू तोईहीरचा. तो चेंडू घेऊन उभा राही. पुरा माणूस धावत नाही. धावतात ती पोरं आणि कोंबड्या. फ्रान्समधल्या मार्सेयहून संघात आलेल्या दोघांकडून इबुरोईला जरा आशा होती, पण बाहेर वाढलेली पोरं रीतीला गावातल्यांपेक्षा कडक निघाली. त्यांतला एक तर तोईहीरला चेंडू दोन्ही हातांनी देई, किंचित वाकून.

आणि त्याला बाहेर काढायची सोय नव्हती. गावच्या पोरानं पुऱ्या माणसाला 'बस खाली' म्हणणं म्हणजे चौकाचा अपमान. त्याला बैलाचा दंड बसतो, नाहीतर गाव वाळीत टाकतं. मग तुमच्या मयतीलाही कोणी येत नाही.

"तोईहीर, तुम्ही जरा दम घेता का?" इबुरोईनं एकदा सरावात विचारून पाहिलं.

"दम मला लागतच नाही," तोईहीर म्हणाला. ते खरं होतं. दम लागायला हलावं लागतं.

हिंदी महासागरातल्या बेटांच्या स्पर्धेसाठी संघ मॉरिशसला निघाला, तेव्हा मंत्रालयातल्या साहेबांनी विमानतळावर इबुरोईला बाजूला घेतलं. "या खेपेलाही हात हलवत आलात, तर पुढच्या वेळी तुमच्या तिकिटांवर कराटेवाले जातील. संघबिंघ विसरा."

"एक सामना जिंकला तर चालेल?"

"एक जिंकून दाखवा, मी विमानतळावर नाचतो."

पहिले चार सामने संघ हरला. कितीनं ते विचारू नये. हरण्याचं इबुरोईला नवल नव्हतं. त्याचा जीव जात होता टाइमआउटमध्ये. टाइमआउट साठ सेकंदांचा. त्यात संघ चौकासारखा मानानं बसे, मधोमध तोईहीर, मग वयानं बाकीचे, आणि प्रशिक्षक टोकाला. आधी तोईहीर बोले. बोलण्याआधी अल्लाची स्तुती, मग जमलेल्यांना सलाम, मग गावाच्या पूर्वजांची आठवण. तेवढ्यात भोंगा वाजे. चार सामन्यांत इबुरोईला एकदाच बोलायला मिळालं, आणि तेव्हा तो घाईघाईत "आमीन" म्हणाला.

तिसऱ्या पराभवानंतर त्याला संघाबरोबर आलेला मालिशवाला बाकारमामा आठवला. मामा सत्तरीचा, जन्मभर मासेमारी केलेला, आणि थोरलं लग्न करून त्याला तीस वर्षं झालेली. म्हणजे मानानं तोईहीरच्या कितीतरी वर. बास्केटबॉल त्यानं पहिल्यांदाच बघितला होता.

"जाळ्याला बूड नाही," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. "मासा राहील कसा?"

"मामा, मी तुमच्या कानात सांगतो, तुम्ही मोठ्यानं सांगा," इबुरोईनं विनवलं.

मामाला ते पसंत पडलं. चौथ्या सामन्यात त्यानं स्वतःच्या मनाचंही बरंच सांगितलं, त्यात वारा कुठून आहे हेही होतं. पण मालदीवशी शेवटचा सामना सुरू झाला आणि गाडी रुळावर आली. मामानं सलामाला कात्री लावली. कानातलं तोंडात जसंच्या तसं येऊ लागलं. आणि संघ खेळू लागला. चान्फी नावाचा बुटकासा चपळ पोरगा आडवातिडवा घुसत होता, मार्सेयवाले उड्या मारत होते. इबुरोईच्या छातीत अकरा वर्षांत पहिल्यांदा आशेनं कळ आली. ही पोरं चांगली आहेत, त्याला वाटलं, खरंच चांगली आहेत, फक्त त्यांना चेंडू आधी त्या खांबाला द्यावा लागतो.

तिसऱ्या सत्रात त्यानं मामाच्या कानात सांगितलं, "तोईहीरला बसवा."

मामानं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू इबुरोईनं मशिदीत चपला घातल्या होत्या. एका पुऱ्या माणसानं दुसऱ्याला 'बस' म्हणायचं नसतं. पण मामा हुशार. तो तोईहीरला म्हणाला, "या, टेका जरा. चहा घ्या."

"आपली कृपा आहे," तोईहीर अदबीनं म्हणाला. "चहा नंतर घेऊ."

झालं. मामानं खांदे उडवले. तोईहीर पुन्हा मैदानात जाऊन उभा राहिला. त्याचे पाच फाउल होऊन तो आपोआप बाहेर येईल म्हणावं, तर फाउल करायला आधी कुणाच्या जवळ पोचावं लागतं.

शेवटच्या मिनिटात मालदीव सत्तावन्न, कोमोरोस छप्पन. एकतीस सेकंद उरले होते आणि चेंडू आपला. इबुरोईनं शेवटचा टाइमआउट मागितला.

मामा उठला. इतक्या जवळ आलेल्या विजयापुढे त्याला कात्रीचा विसर पडला. त्यानं हात पसरून अल्लाची स्तुती सुरू केली, मग जमलेल्यांना सलाम, मग यजमान बेटाला सलाम. टाइमआउटच्या घड्याळात चाळीस. पस्तीस. पोरं मान खाली घालून ऐकत होती. इबुरोईला बैल दिसला, तिन्ही मुलींची लग्नं दिसली ज्यांना गावातलं कुणी येणार नाही, आणि कराटेवाले दिसले, त्याच्या तिकिटांवर खिडकीशी बसलेले. मग समोर तोईहीर दिसला, बाराव्या वर्षी दिसायचा तसाच, चेंडू कुठं टाकावा हे न कळलेला.

"तोईहीर," तो म्हणाला. "बस खाली."

तुम्ही नाही, जरा नाही, चहा नाही. मामाचा सलाम तोंडातच राहिला.

"सर, माफी मागा," चान्फी कुजबुजला. तो पांढराफटक पडला होता. "सर, मी नाही खेळणार असं. आधी माफी मागा."

"बस म्हटलं ना तुला," इबुरोई तोईहीरलाच पुन्हा म्हणाला.

तोईहीर सावकाश वळला आणि बाकावर बसला. बसताना त्यानं उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून पुढे ठेवला.

"काय बघताय? जा," तोईहीर पोरांवर खेकसला. "पंच बोलावतोय."

पोरं गेली. इबुरोई त्याच्या पायाकडे बघत राहिला.

"गुडघा गेलाय," तोईहीर समोर बघत म्हणाला. "ऑगस्टपासून. लग्नात नाचताना."

"मग बोलायचं ना, गाढवा."

"कुणाला बोलू? पुरा माणूस दुखतंय म्हणतो का कधी? वाट बघत होतो, कुणी तरी बस म्हणेल. सगळे पाणीच आणून देत होते."

चेंडू चान्फीच्या हातात आला. सवयीनं त्यानं तोईहीरची जागा पाहिली. जागा रिकामी. वीस सेकंद. त्यानं चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला आणि मान वळवून बाकाकडे पाहिलं, जेवायला सुरुवात करू का असं विचारल्यासारखं.

"माझ्याकडे काय बघतोस, टाक," तोईहीर ओरडला.

चान्फी घुसला. दोघांच्या मधून, एकाच्या काखेखालून. चेंडू कड्यावर दोनदा नाचला आणि बूड नसलेल्या जाळ्यातून खाली पडला. मालदीवनं शेवटचा चेंडू अर्ध्या मैदानातून भिरकावला, तो प्रेक्षकांतल्या एका बाईच्या मांडीत गेला. इबुरोई रडत होता. मामाही रडत होता, पण त्याला अजून सामना संपल्याचं कळलं नव्हतं.

परतल्यावर विमानतळावर साहेब आले नाहीत. संघ मात्र ठेवला, असा कागद आला.

शुक्रवारच्या नमाजानंतर चौक भरला. पुढच्या बाकांवर पुरी माणसं, मागच्या दगडांवर पोरं. तोईहीर काठी टेकत आला, पांढरा झगा, खांद्यावर शाल. इबुरोईविरुद्ध तक्रार त्यानं स्वतः मांडली, पूर्वजांसकट, पाऊण तास. इबुरोई मागे मान खाली घालून बसला होता. आपण जिंकलो हे त्याला विमानात ठाऊक होतं. इथं बसल्यावर ते दुसऱ्याच कुणाचं वाटत होतं.

"बैल," म्हातारे म्हणाले.

"बैल एका दुपारी संपेल," तोईहीर म्हणाला. "जरब बसायला हवी. माझं म्हणणं, यानं वर्षभर चौकात बोलू नये."

"तो बोलतो कधी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्हणूनच शिक्षा मोडायचा मोह होणार नाही त्याला."

म्हाताऱ्यांनी दाढ्या कुरवाळल्या. मुद्दा बिनतोड होता. शिक्षा ठरली, फातिहाची प्रार्थना म्हटली गेली. लोक उठणार तेवढ्यात सगळ्यात जुना म्हातारा, ज्याला ऐकू कमी आणि उत्सुकता जास्त, काठी आपटून म्हणाला, "पण जिंकलात म्हणे. किती झाले?"

रेडिओवर सांगितलंच नव्हतं. सगळ्यांनी तोईहीरकडे पाहिलं.

"मी बसलेलो होतो," तोईहीर म्हणाला. "ज्यानं बसवलं त्याला विचारा."

सगळा चौक मागे वळला. इबुरोई उठून उभा राहिला. बोलायची बंदी होती, ती होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. त्यानं दोन्ही हातांची दहा बोटं उघडली. मिटली. पुन्हा उघडली. तिसऱ्यांदा पोरांनी मोजायला सुरुवात केली, चौथ्यांदा पुढच्या बाकांवरचेही मोजू लागले. "पन्नास," चौक म्हणाला. मग एक हात पुरा, आणि दुसऱ्याची तीन बोटं. अठ्ठावन्न.

त्यानं हात खाली घेतले. झग्याला पुसले.

"आणि त्यांचे?"

पुन्हा दहा. वीस. तीस. आता म्हातारेही मोठ्यानं मोजत होते. चाळीस, पन्नास. एक हात पुरा उघडला, पंचावन्न. अंगठा, छप्पन. तर्जनी, सत्तावन्न. आणि चौक थांबला. पुरी माणसं, पोरं, काठी पुढे करून बसलेला तो बहिरा म्हातारा, सगळे त्याच्या मधल्या बोटाकडे बघत राहिले. ते उघडलं असतं तर बरोबरी. इबुरोईनं ते घट्ट मिटून धरलं होतं.