भट्टीवाल्याच्या घरची शेगडी

शहराने तिचं खरं नाव कधीच बाजूला टाकलं होतं. ती सगळ्यांची गॅसबाई. गॅस कंपनीच्या दुकानात मांडलेल्या शेगड्यांच्या रांगेत उभं राहून ज्योत कशी लावायची, बारीक कशी ठेवायची, दूध उतू गेलं तर आधी काय करायचं, हे गिऱ्हाइकांना शिकवायचं तिचं काम. नव्या सुना लाजत यायच्या, सासवा परीक्षा घ्यायला यायच्या. गॅसबाई दोघींनाही पुरून उरायची.

कंपनीही तशी घरचीच. दिवे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने शेजारच्या दुकानदारांना हाताशी धरून ती काढली होती, तीही मुख्य रस्त्यावर उजेड पडावा एवढ्यासाठीच. नदीकाठी भट्ट्या बांधल्या. बंद भट्टीत दगडी कोळसा भाजायचा, निघालेला गॅस धुऊन एका प्रचंड लोखंडी टाकीत साठवायचा. गॅस भरला की टाकी पाण्यातून वर चढायची, शहराचा स्वयंपाक झाला की खाली उतरायची. मग विजेचे दिवे आले आणि आता कंपनीचं काही खरं नाही, असं जो तो म्हणू लागला. कंपनीने दिव्यांचा नाद सोडला आणि थेट स्वयंपाकघरात घुसली. लोक हक्काने ‘आपला गॅस’ म्हणायचे आणि दाब कमी झाला की हक्कानेच शिव्याही घालायचे.

गॅसबाईच्या वडिलांची उभी हयात त्या भट्टीवर गेली होती. निवृत्त झाले तरी शहर त्यांना भट्टीवालेच म्हणायचं. त्यांच्या हातांवर जागोजागी भाजल्याचे डाग होते आणि बाही वर सरकवून ते दाखवायला त्यांना कुठलंही निमित्त चालायचं.

आणि मग नैसर्गिक गॅस आला. दूरच्या विहिरींमधून, जमिनीखालच्या मोठ्या नळातून, आयता शहराच्या वेशीपर्यंत. कोळसा नको, भट्टी नको, धूर नको. अडचण एकच होती. नव्या गॅसला धग दुप्पट. जुन्या शेगडीला तो जोडला तर ज्योत बाहेर पडून काजळी धरणार, एखाद्याचा पडदाही पेट घेणार. म्हणजे शहरातल्या एकूण एक शेगडीचे बर्नर बदलायला हवेत, तेही गल्लीगल्लीने, घरात शिरून, हाताने.

शेजारच्या मोठ्या कंपनीने निरोप धाडला : हे तुमच्या आवाक्यातलं नाही, कंपनी आम्हाला देऊन टाका. आमचे फिटर येऊन सगळं उरकतील.

मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना दुकानातच जमवलं. ते संस्थापक व्यापाऱ्याचे नातू, स्वभावाने सरळ पण चटकन धीर सोडणारे. “आपल्याकडे माणसंच नाहीत,” ते म्हणाले. “काय करायचं?”

“माणसं नाहीत, पण बायका आहेत,” गॅसबाई म्हणाली.

फिटरांचा मुकादम फिस्सकन हसला.

“हसू नका, मुकादम. दुपारी घरात कोण असतं? बायका. परके चार पुरुष हत्यारं घेऊन दारात उभे राहिले तर कोण दार उघडेल? मी या शहरातल्या प्रत्येक शेगडीला ओळखते. बर्नर बदलणं मला शिकवा, मी बायकांना शिकवते. नळ्यांचं तुम्ही बघा, शेगड्यांचं आम्ही बघतो.”

“आणि चुकलं तर?” साहेबांनी विचारलं.

“चुकलं तर माझ्या नावावर. पण कंपनी विकून मोकळं होण्याआधी एक गल्ली तरी करून बघू.”

एक गल्ली केली. मग दुसरी. शिवणकाम करणाऱ्या, दाई, निवृत्त शिक्षिका, विधवा झालेली एक बेकरीवाली, अशा बायका पाने-पकडी घेऊन शहरभर फिरू लागल्या. आदल्या दिवशी घरोघर सांगून यायचं, सकाळी सगळ्यांच्या गॅसच्या चाव्या बंद करायच्या, गल्लीच्या टोकाला उभ्या नळीतून जुना गॅस जाळून टाकायचा, नवा आत घ्यायचा आणि मग एकेक शेगडी दुरुस्त करून पेटवून द्यायची. सुरुवातीला हसणारा मुकादम महिन्याभरात सांगू लागला, “शिवणवालीचा हात बघा. बर्नरमधलं बारीक जेट बसवते की सुईत दोरा ओवते, कळत नाही!”

अशी निम्म्या शहराची फेरी झाली आणि गाडी भट्टीवाल्यांच्या गल्लीत येऊन अडली.

सगळ्या घरांच्या चाव्या बंद झाल्या, एक घर सोडून. त्या काळी चावी घराच्या आत, जिन्याखाली असायची. ती बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय नवा गॅस आत घेणं म्हणजे आगीशी खेळ. आणि भट्टीवाल्यांनी दाराला आतून कडी घातली होती.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. कोणाचं बाळ दुधासाठी रडत होतं, कोणाच्या घरी पाहुणे यायचे होते. मुकादम डोकं खाजवत गॅसबाईकडे आला. तरुणपणी तो भट्टीवाल्यांच्याच हाताखाली होता, त्यामुळे आवाज खाली आलेला.

“बाई, एक उपाय आहे. रस्ता खणून त्यांच्या घराची नळी बाहेरूनच तोडायची. साहेब म्हणाले, तुम्ही हो म्हणालात तरच.”

गॅसबाईने बंद दाराकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचं घर असतं तर तिने एव्हाना हो म्हटलं असतं, हे तिला ठाऊक होतं.

“कुदळी आणून ठेवा,” ती म्हणाली. “मी आत जाऊन येते.”

मागच्या दाराने आईने तिला आत घेतलं. “बघ बाई तूच. सकाळपासून जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेत. जसं काही चोर चावी पळवणार आहेत.”

बाबा खरोखरच जिन्याखाली बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. तिच्याकडे न बघता म्हणाले, “त्या तुमच्या गॅसला म्हणे वासच नाही.”

“नसतो, बाबा. म्हणून कंपनी वास मिसळते. गळला तर कळावा म्हणून.”

“म्हणजे नकली वास! आमच्या गॅसचा वास अस्सल होता.”

“विषारीही अस्सल होता,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आणि ऐका, भट्टी तुमची होती. शेगडी माझी आहे.”

बाबा चिडले. “उभं आयुष्य कोळसा भाजला. या शहराच्या पोटात आम्ही अन्न घातलं. आणि आता कुठल्या परक्या जमिनीतला वारा आणून तुम्ही म्हणता, भट्टी मोडा? मला कोणी विचारलं?”

गॅसबाई पायरीवर बसली. समजूत घालायची म्हणून गोड बोलणं तिला जमलं असतं, दुकानात ती रोज तेच करायची. पण बाबांसमोर तिला ते करावंसं वाटेना.

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतं, आणि तेही मीच. पण बाबा, ही कंपनी विकायला निघाली होती. भट्टी धरून बसलो असतो तर भट्टीही गेली असती आणि कंपनीही. आता भट्टी जाईल, पण नळ्या त्याच राहतील, कंपनी आपली राहील. बाहेर मुकादम कुदळ घेऊन उभा आहे. तुम्ही चावी बंद केली नाहीत तर मी तुमची नळी तोडायला सांगणार आहे.”

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. “तोडशील? बापाची?”

“तोडीन. गल्ली उपाशी ठेवून तुमचं मन राखलं, तर उद्या कोणाच्या दारात उभं राहू मी? तुम्ही भट्टीवर असताना माझ्यासाठी काम सोडलं असतंत?”

मग आई म्हणाली, “ते काय सोडतायत! तू जन्मलीस तेव्हा निरोप पाठवला होता मी. उत्तर आलं, भट्टी तापली आहे, पाळी संपली की येतो.”

“शहराचा दाब पडला असता,” बाबा पुटपुटले.

“तेच म्हणतेय मी,” गॅसबाई म्हणाली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. तिच्या अंगावरचा कंपनीचा डगला, खिशातली पकड, काळी झालेली बोटांची पेरं. त्यांच्या मिशा थरथरल्या. ते रडतील असं तिला वाटलं, पण ते हसू लागले, खोकला येईपर्यंत हसले.

“हुबेहूब माझीच!” ते आईला ओरडून म्हणाले. “ऐकलंस? बापाची नळी तोडणार म्हणे!”

ते उठले. खुर्ची बाजूला सारली आणि चावी स्वतःच्या हाताने फिरवून घट्ट बंद केली. दुसऱ्यांदा ओढूनही पाहिली, सवयीने.

बाहेर आले तेव्हा गल्ली दारादारांत उभी होती. मुकादमाने कुदळ पाठीमागे लपवली आणि पेटता बोळा लावलेली काठी भट्टीवाल्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उभ्या नळीच्या तोंडाशी नेली. गल्लीतला शेवटचा कोळशाचा गॅस भक्कन पेटला. थोड्या वेळाने ज्योत एकदम उंचावली, तिचा आवाज बदलला, रंग पालटला. दूरच्या विहिरींमधला गॅस गल्लीत पोचला होता.

“जोर आहे,” भट्टीवाले म्हणाले. “मान्य करायला हवं.”

गल्लीतली पहिली शेगडी त्यांच्याच घरची पेटली. गॅसबाईने आईकडे काडेपेटी दिली आणि निळी, ताठ, सारख्या दातांची ज्योत लागताच आईने चटकन तिच्यावर पातेलं चढवलं. कौतुक करत बसायला तिला वेळ नव्हता.

संपूर्ण शहर झालं. एकही घर जळलं नाही, एकही बाई कामावरून परत पाठवावी लागली नाही. मोठ्या कंपनीचे निरोप बंद झाले. त्या बायकांचंच पुढे सेवा खातं झालं आणि मॅनेजरसाहेबांनी त्याची सूत्रं गॅसबाईच्या हाती दिली. टाकी मोडीत काढली त्या दिवशी भट्टीवाले सदरा घालून पाहायला गेले. लोखंड कापणाऱ्यांना, कुठला पत्रा जुना आणि कुठला नंतर बसवलेला, हे सांगत ते दिवसभर उभे राहिले. न्हाव्याच्या दुकानात मात्र ते एकच गोष्ट सांगायचे. “आपल्या कंपनीत वशिला चालत नाही. माझी मुलगीच खातं बघते, विचारा कोणालाही.”

दोन वर्षांनी नदीपलीकडच्या शहरातल्या गॅस कंपनीचे साहेब आले. त्यांच्याकडेही नवा गॅस यायचा होता आणि माणसं नव्हती. ते मॅनेजरसाहेबांच्या खोलीकडे निघाले, तसं शिपायाने त्यांना अडवलं आणि सेवा खात्याचं दार दाखवलं.

त्या आठवड्यात कंपनीची गाडी पूल ओलांडून गेली. पुढे ड्रायव्हरशेजारी गॅसबाई, मागे शिवणवाली, दाई आणि बेकरीवाली. मांडीवर हत्यारांच्या पेट्या घेऊन, तिकडच्या बायकांना आधी काय शिकवायचं यावर चौघी हमरीतुमरीवर येऊन भांडत होत्या.