उठायला सोपी खुर्ची

बैठकीच्या खाली, उजव्या हाताला, बोटभर लांबीचा एक काळा दांडा होता, आणि तो वर ओढला की खुर्ची हळूच सुस्कारत खाली बसायची – तिनं तो चारदा ओढून पाहिला, पाचव्यांदा ओढताना दुकानदार चष्म्यावरून बघतोय हे लक्षात आलं आणि तिनं हात मांडीवर घेतला. पाय जमिनीला टेकत होते, गुडघे काटकोनात होते, डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं... तरी ती उठून उभी राहिली. परत बसली. परत उठली.

"ताई, खुर्ची बसायला बघताय की उठायला?"

"उठायलाच," ती म्हणाली. तो हसला, म्हणून तीही हसली.

आता त्याला काय सांगायचं? की मी दिवसाचे आठ तास जेवणाच्या टेबलाशी, त्याच टेबलाच्या खुर्चीवर उशी टाकून, लोकांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते. की आतल्या खोलीत आई आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावरच. की ती हाक मारते, मी उठते, आणि उठताना दर वेळी पाठीत कळ येऊन तोंडातून निघतं, 'आई गं'... गेले तीन आठवडे हाका कमी झाल्या होत्या. आईला बरं वाटतंय, असं ती धरून चालली होती. खरं तर सुटल्यासारखं झालं होतं, पानांमागून पानं हातावेगळी होत होती. आणि काल चारच्या सुमाराला ती खिडकी लावायला म्हणून आत गेली, तर पेला कोरडा ठणठणीत, आईचे ओठही तसेच.

"अगं, हाक का नाही मारलीस?"

"तू उठताना कण्हतेस गं," आई म्हणाली, जणू चूक तिची स्वतःचीच होती. "ऐकवत नाही मला."

म्हणून खुर्ची. दोन पुस्तकांचे पैसे यायचे होते, तेवढ्यात बसेल अशी. पहिली बसत होती, पण तिची पाठ नुसती शोभेची, आणि उठताना ती चाकांवरून मागे पळायची. दुसरीला जाळीची पाठ, मानेला आधार, सगळा थाट होता. किमतीची चिठ्ठी बघून तिनं ती गुपचूप उलटी करून ठेवली. आता ही तिसरी... बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसातली, हातांवर कुणाच्या तरी कोपरांनी घासून आलेली चकाकी.

"वापरलेली आहे, पण हाडानं दणकट आहे," दुकानदार म्हणाला. "हात वर-खाली होतात, त्यांवर भार देऊन उठा. चाकं काढून रबरी पाय लावून देतो, म्हणजे जागची हलणार नाही. पण आधी टेकून तर बसा. मघापासून कडेलाच बसताय."

ती मागे टेकली. कमरेच्या जरा वर, जिथं रोज संध्याकाळी ती स्वतःची मूठ दाबून धरायची, तिथं खुर्चीनं आपणहून आधार दिला. घरी शेजारच्या काकू बसल्या होत्या, त्यामुळे घाई नव्हती. निघताना आई म्हणाली होती, "रंग चांगला बघ. मळखाऊ नको घेऊस." दोघींत खुर्चीच्या रंगाचा विचार एकट्या आईनंच केला होता. तिला हसू आलं... आणि हसता हसताच ते ध्यानात आलं.

मघापासून ती किमान दहा वेळा उठली होती. त्या पहिल्या, पळपुट्या खुर्चीवरूनसुद्धा – तेव्हा तर कळ पार टाचेपर्यंत गेली होती. आणि एकदाही, एकदाही तिच्या तोंडातून 'आई गं' आलं नव्हतं. परक्या माणसासमोर तिनं ओठ मिटून घेतले होते. मिटता येत होते तर.

म्हणजे घरी... मी काय मुद्दाम करत होते? मुद्दाम नाही. दुखत होतंच, खोटं काही नव्हतं. पण त्यातलं थोडं पाठीचं होतं आणि थोडं त्या दाराच्या दिशेनं सोडलेलं – ऐकू जावं म्हणून. आणि आईनं ते नेमकं ऐकलं, आणि एक अक्षर न बोलता तहान आवरून पडून राहिली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"देऊ ना बांधून?" दुकानदारानं विचारलं.

"जरा बसते," ती म्हणाली.

पाठीचा वाटा ही खुर्ची घेईल. उरलेल्या वाट्याचं काय करायचं, आईपुढे तो बोलून दाखवायचा की नुसतं जाऊन तिच्याजवळ बसायचं, काही सुचेना. मात्र तिथं टेकून बसल्या बसल्या, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच, आतल्या खोलीतून आपल्याला हाक यावी असं तिला फार वाटलं.