चार ठोके आणि वरचा एक

मित्रांनो, मी एक जुना साईड ड्रम आहे. जन्मभर मार खाल्ला, पण तक्रार केली ती तालातच. माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यातला. पत्र्याचं गोल अंग, दोन्ही बाजूंना ताणलेलं पांढरं पान आणि पोटाखाली तारा. त्यामुळे कुणी नुसती टिचकी मारली तरी मी खेकसतो. माझा स्वभावच तसा आहे.

तरुणपणी मी मनोरच्या एका बँडपथकात होतो. वरातीत मी पुढे, नवरदेव मागे. मी नसेन तर लग्नच लागणार नाही, असा माझा ठाम समज होता. मग डीजे आला आणि मी माळ्यावर गेलो. उंदरांनी माझा पट्टा कुरतडला. ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

तिथून मला केदार सरांनी आणलं. बोईसरला औषधाच्या दुकानावरच्या खोलीत ते ड्रम शिकवतात आणि सोबत संगीताचं शास्त्रही. सर फार शिस्तीचे. विद्यार्थ्याचा ठोका चुकला की चष्मा काढून पुसत बसतात. माझ्या वाट्याला आल्या त्या नलूमावशी, तारापूरकडच्या कोळीवाड्यातल्या, बाजारात मासळी विकणाऱ्या. त्यांच्या लेकीची, हेमांगीची हळद जवळ आली होती आणि "माज्या पोरीच्या हलदीला मी सोता वाजवीन" असं त्या अख्ख्या आळीला सांगून बसल्या होत्या. आता माघार घेतली तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मावशींचा हात दणकट, पण शास्त्र डोक्यात शिरेना. शेवटी सरांनी फळ्यावर मासा काढला. "अख्खी सुरमई म्हणजे चार मात्रा. तिचे चार तुकडे केले, की एकेक मात्रा. तुकड्याचाही अर्धा तुकडा होतो."

"मंग ह्ये पयलं सांगायचं ना, मास्तर," मावशी म्हणाल्या आणि झरझर शिकल्या.

एकच खोड जाईना. चार ठोके झाले की त्या पाचवा मारायच्या. मासे मोजून दिले की गिऱ्हाइकाच्या पिशवीत वर एक टाकायचा, ही त्या हाताची जन्माची सवय.

"मावशी, चारच."

"वरचा एक नाय टाकला, तर गिऱ्हाईक परत येल काय?"

सर चष्मा इतका पुसायचे की मला काचेची काळजी वाटू लागली. शेवटी त्यांनी बजावलं, "हळदीत पाचवा मारलात, तर मी तुमचा मास्तर नाही."

हळदीला मी नवा पट्टा लावून मावशींच्या गळ्यात होतो. सर पहिल्या रांगेत. मावशींनी सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. एकही चूक नव्हती आणि मांडवात एकही पाय हलत नव्हता. नाचायला उठलेल्या बायका परत खुर्च्यांवर टेकल्या. हळदीने माखलेली हेमांगी पाटावरून आईकडे बघत राहिली.

मावशींची नणंद शकूबाई मोठ्यांदा म्हणाली, "काय गं वयनी, म्हावरं पन असंच मोजून इकतेस काय?"

सगळे हसले. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला खेकसावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात सर खुर्चीवरून उठले. "मावशी, चौथ्या ठोक्यानंतर अर्ध्या तुकड्याची जागा आहे. वरचा तिथे टाका."

मावशींनी टाकला. पुढच्या फेरीचा पहिला ठोका जरासुद्धा न हलता आपल्या जागी आला आणि सगळ्यांत आधी उठली ती शकूबाई. मग मांडवात बसायला कुणी उरलंच नाही. सरही नाचले, चष्मा सांभाळत. तालाच्या मास्तरांचे पाय तालात नव्हते, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता माझं पान सैल पडलंय आणि क्लासमधली मुलं नव्या ड्रमसेटकडे धावतात. मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल, तर त्याच्यावर टॉवेल वाळत घालू नका. पुसा त्याला, वाजवा. चार ठोके नीट मोजून मारा. आणि उठताना वरचा एक टाकून जा. म्हणजे तुम्ही परत येणार आहात, हे आम्हाला कळतं.