नाकवाली

"नाक लावलंस का, सूनबाई?" सासऱ्यांनी टेबलापाशी बसूनच विचारलं.

"लावलं, बाबा."

या घरात मासळी तिच्या नाकाखालून गेल्याशिवाय भांड्यात पडत नसे. मासळी गोठवण्याच्या कारखान्यात आलेली प्रत्येक पेटी हुंगून पास करायची, हेच तिचं काम. तिथे सगळे तिला नाकवाली म्हणत. सासरे तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "फ्रिज नसला तरी चालेल आम्हाला. सून आहे."

पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना आजच मासळी खायची परवानगी दिली होती. अट एकच, ताजी हवी.

तिनं मोठ्या पातेल्यात तेलावर लसूण टाकला, मग टोमॅटो, कच्चा पास्ता आणि बेताचं पाणी. सगळं एकाच भांड्यात. कामावरून आल्यावर याहून जास्त उस्तवार होत नसे. लसूण झाला हे तिला रंगावरून कळलं. तापातून उठल्यापासून असंच चाललं होतं. कारखान्यात ती पेटीवर वाकायची, पण कौल द्यायची बोटं: कोळंबीचं डोकं घट्ट आहे का, साल निसरडं लागतंय का. आज सकाळी बोटं घुटमळली होती. मागे पेट्यांची रांग होती. तिनं मान डोलावली. कामगारांना घरी न्यायला मिळणारा वाटाही त्याच पेट्यांतून निघाला होता.

पास्ता शिजत आला तशी तिनं ती कोळंबी आणि शिंपले वर पसरून झाकण ठेवलं. आत एकेक शिंपला टक्‌कन उघडू लागला. ती झाकणाकडे बघत उभी राहिली.

"आई, करपतंय!" मुलगी आतून धावत आली. "घरभर वास सुटलाय आणि तू इथेच उभी?"

तिनं गॅस बंद केला. "लक्ष नव्हतं गं."

"काल दूध जळलं तेव्हाही नव्हतं." मुलीचा आवाज उतरला. "आई, आजोबा खाणारेत हे."

तिनं झाकण काढून पातेलं मुलीपुढे धरलं. "तू सांग. कोळंबी कशी आहे?"

"मला करपल्याचाच वास येतोय. बाकी काही कळत नाही."

"तळाचं राहू दे, वरवरचं वाढ," सासरे म्हणाले. "किती दिवस मिळमिळीत गिळतोय मी!"

तिनं अख्खं पातेलं कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. मग हात पुसून सुपरवायझरला फोन लावला.

"साहेब, सकाळची कोळंबी थांबवा."

"गाडी दुपारीच सुटली, ताई. का हो?"

"परत बोलवा ती. मला वास येत नाही. ताप आला होता ना, तेव्हापासून."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"तेव्हापासूनचा सगळा माल तुम्हीच पास केलाय," तो म्हणाला. "तो तर लोकांनी खाल्लासुद्धा."

फोन बंद झाला.

तिनं पातेलं घासलं. पुन्हा लसूण, टोमॅटो, पास्ता, पाणी; मासळी नाही. या वेळी मुलगी गॅसजवळून हलली नाही. मध्ये एकदा फोन वाजला, तेव्हा तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. चुकीचा नंबर होता.

तिनं सासऱ्यांपुढे ताट ठेवलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. काटा न उचलता त्यांनी दोन्ही हातांनी ताट उचललं, पूर्वी मासळी धरत तसं तिच्या नाकापाशी धरलं आणि थांबले.

ती वाकली. चेहऱ्याला गरम वाफ लागली, तेवढीच.