परडीला जागा

उन्हाळ्यात टँकरमागं धावणारं गाव भादव्यात सीना नदीच्या पुरात बुडालं. अलीकडं पावसाचं तंत्रच बिघडलं होतं. सगळे कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत आले, तशी यल्लम्माचा मुखवटा बसवलेली परडी डोक्यावर घेऊन शांतव्वाही आली. मुलगा म्हणून जन्मली, सोळाव्या वर्षी देवीला वाहिली, तेव्हापासून तीस वर्षं लुगड्यातच.

शाळेत दोनच वर्ग कोरडे होते. एकात बायका, एकात पुरुष. बायकांच्या दारात गिरिजाबाई आडवी आली.

"हितं न्हाय जमायचं. पोरीबाळी हायत."

पुरुषांच्या वर्गातून शिट्ट्या आल्या. शांतव्वा तिकडं गेलीच नाही.

"पर परडी दे की आत," गिरिजाबाई म्हणाली, "देवी भिजायला नगं."

शांतव्वानं परडी दिली आणि दार लागलं. आत बायकांनी देवीला पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, आरती म्हटली. बाहेर व्हरांड्यात पावसाचे सपकारे सोसत शांतव्वानंही ती म्हटली. दात वाजत होते, सूर लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. शांतव्वा तापानं फणफणली होती, तिचं खोपट वाहून गेलं होतं. गिरिजाबाईनं परडी बाहेर आणली.

"बघ, थेंब लागू दिला न्हाय देवीला."

शांतव्वानं हात पुढं केला नाही. भिंतीला धरून ती उठली.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. जिनं परडी घेतली, तिनंच दारोदार जोगवा मागायचा असतो. उद्या मंगळवार हाय, जोगव्याचा वार. नीघ."